सदर इसम खूर उकळतो

गुणाकाका मेस्त्री माणसाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. मुंबईची नोकरी संपवून मी सहकुटुंब गावी राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरवताना ते आमच्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. शेजारी, त्यात वडिलांच्या वेळचे, म्हणून मी हातातलं टाकून पुढे झालो. म्हटलं, "काय गुणाकाका, वळाखलात काय?" त्यांची नजर माझ्या चपलांवर. "वळाखलंय तर! मधल्याचो वसंतो तू. डाव्या टाचेर भार देतस. बापूस तुझो तसोच चलत होतो." एवढं बोलून ते माझ्या बायकोच्या पायांकडे वळले, अंगठ्याचं नख आत वाढतंय हे तिला सांगितलं आणि घरी निघून गेले. सुनंदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्ये बरे आसत मां?"

बरेच होते. फक्त त्यांचं जग गुडघ्याच्या खाली होतं. "तोंड काय रे, कोणय धुता नि पावडर लायता," ते सांगायचे, "पायाक खोटा बोलाक येणा नाय." मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीने पोह्यांच्या बशा आणल्या आणि हे टेबलाखाली वाकले. मुलीच्या आईला वाटलं, काही पडलं असेल. काका वर आले ते निकाल घेऊनच: "चेडू बरा आसा. नखां घट आसत. चिखलात घसराचा नाय." लग्न जमलं, सून डोंबिवलीला गेली, आणि तिथे चिखलाचा प्रश्न फारसा आला नाही.

धंद्याने ते सुतार. पण दारं-खिडक्या काय, चार गावांत चार सुतार करतात. काकांचं खरं काम खुरांचं. म्हशीच्या खुरांचं. हसू नका, मीही आधी हसलो होतो. त्या खुरांपासून ते कुंकवाच्या करंड्या करत, तपकिरीच्या डब्या करत, कोयत्यांच्या मुठी, शर्टाची बटणं, फण्या, आणि रापणकारांसाठी जाळं विणायच्या सुया. प्लास्टिकची सुई उन्हात खरबरीत होते आणि दोऱ्याला ओढ बसते म्हणून तोंडवलीपासूनचे मच्छीमार खुराची सुई मागत येत. काकांच्या स्वतःच्या शर्टाला खुराची पाच बटणं होती. शर्ट फाटला की बटणं उतरवून पुढच्या शर्टाला लावायची. "तीन शर्ट मेले ह्या बटणांच्या फुड्यात," असं ते मोठ्या समाधानाने सांगत.

आता कृती सांगतो. म्हशीच्या एका पायाला दोन नखं, म्हणजे चार पायांना आठ. ती आधी पिंपात भिजत घालायची. मग उकळायची, आणि गरम असतानाच फडक्यात धरून एक पिळा द्यायचा, की वरचं काळं कवच अख्खं सुटून हातात येतं. कवचाला तेल लावून ते निखाऱ्यावर शेकायचं. मऊ पडलं की उभं चिरून दोन तापलेल्या लोखंडी पट्ट्यांत दाबून सपाट करायचं. पुढे काचेच्या तुकड्याने तासणं, खरवताच्या खरखरीत पानाने घासणं, आणि शेवटी राख व खोबरेल तेल. आत राहिलेल्या शिरा आणि हाडंही वाया जात नसत. ती वेगळी उकळून सरस करायचा. कुडाळ-पिंगुळीकडचे बाहुल्या करणारे लोक तो सरस न्यायला येत, बाजारातला त्यांना चालत नसे. लिहायला मला एक परिच्छेद लागला. काकांना महिना लागायचा.

आणि वास! बाप रे बाप. जळलेले केस, भिजलेला कुत्रा आणि करपलेला रस्सा हे तिन्ही एकाच पातेल्यात घालून कोणी झाकण उघडावं, तसा. काकांचा मांगर, म्हणजे घरामागची त्यांची कामाची खोप, आमच्या कुंपणाला लागून. खारा वारा त्यांच्याकडून आमच्याकडे यायचा. तो उलटा कधी फिरल्याचं मला तरी आठवत नाही.

गावात कोणाची म्हैस म्हातारी झाली की काका तिला भेटायला जात. मनात काही पाप नसे, पण मालक घाईने गोठ्याचं दार ओढून घ्यायचा. काका फाटकात दिसले की आतून बायका ओरडत, "आमची अजून खाता-पिता हां, मेस्त्रीनू!" काका शांतपणे म्हणत, "माका घाय नाय गो. मी वाट बगतंय." एकदा एकाने तर काठी घेऊन त्यांना हाकललं. दुसऱ्या दिवशी काका परत हजर, हातात पटाशी. त्या म्हशीचे वाढलेले, फाटलेले खूर त्यांनी नीट तासून दिले, कडुनिंबाचं तेल भरलं, आणि आठ दिवसांत ती उठून चालायला लागली. नंतर चार वर्षं जगली. काका तिच्याकडे बघून म्हणायचे, "माझ्याच हातान माझा काम लांबवलंय." पण त्यात तक्रार नसायची.

त्यांचा एक रिवाज होता. ज्या घरची म्हैस गेली, त्या घराला तिच्या खुरांतला पहिला नग द्यायचा. करंडी म्हणा, फणी म्हणा. तो दिल्याशिवाय पुढचा नग विकायचा नाही. आमच्या वाडीत एकही घर असं नव्हतं जिथे देव्हाऱ्यात काकांची काळी करंडी नाही. "म्हशीन दूद दिल्यान, शेण दिल्यान, आता पाय दिल्यान," ते सांगत, "आणि आमी तिका खड्ड्यात घालून मोकळे? ही खंयची रीत?"

आता माझ्याकडे येतो, कारण माझ्याशिवाय पुढचा घोटाळा झाला नसता. निवृत्तीनंतर मी घराला दोन खोल्या काढल्या आणि पर्यटकांना द्यायला लागलो. तारकर्लीत जागा मिळाली नाही की लोक इकडे सरकतात. नारळाची झाडं, समोर समुद्र, सुनंदाच्या हातचं माशांचं तिखलं, काही म्हणून कमी नव्हतं. मला तर त्या फोनवरच्या ताऱ्यांचं वेडच लागलं होतं. कोणी पाच तारे दिले की मी ते सुनंदाला दाखवायचो, आणि ती म्हणायची, "तारे बगा तुमी, मी मासे बगतंय."

पहिल्यांदा वासाची गाठ पडली ती पुण्याच्या एका प्राध्यापकांशी. निवृत्त गृहस्थ, बोलण्यात अतिशय काटेकोर, आणि सोबत त्यांच्या अगदी मितभाषी पत्नी. मितभाषी का, ते लगेच कळलं. गृहस्थ श्वास घ्यायलाही थांबत नसत. सकाळी नऊला काकांनी चूल पेटवली. प्राध्यापकांनी नाक वर केलं आणि विचारलं, "पाया शिजतोय वाटतं कुठेतरी?" मी म्हटलं, "हो हो, शेजारी." खोटं नव्हतंच ते.

दुपारी सुनंदा बाजाराला मालवणला गेली होती. जेवण तिने करून ठेवलेलं, वाढायचं काम माझं. पाहुण्यांनी पोटभर जेवून विचारलं, "शेवटी काही गोड?" मी फ्रीज उघडला. आत स्टीलचा डबा. डब्यात तपकिरी, पारदर्शक, थलथलीत असं काहीतरी, सुरीने चौकोन पाडलेलं. गुळाचा खरवस! मला सुनंदाचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! दोन बशांत दोन-दोन वड्या काढल्या आणि ऐटीत नेऊन ठेवल्या. प्राध्यापकांनी विचारलं, "म्हशीचा का?" मी म्हटलं, "अर्थात. इथलीच, शेजारची म्हैस." हेही खोटं नव्हतं.

प्राध्यापकांनी अख्खी वडी तोंडात टाकली. बाईंनी फक्त वास घेतला आणि बशी हलकेच बाजूला सारली. प्राध्यापक चावायला लागले. चावत राहिले. मग चावणं थांबलं. त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण वरची कवळी खालच्या कवळीला बसली ती बसली. डोळे मोठे झाले, हातवारे झाले, नाकातून दोन-तीन विधानं झाली. मी कोमट पाणी आणायला धावलो. पाऊण तास ते गुळण्या करत मागच्या पायरीवर बसले होते. त्या पाऊण तासात त्यांच्या पत्नीने समुद्राकडे तोंड करून शांतपणे एक संपूर्ण मासिक वाचून काढलं. मी शरमेने मान खाली घालून बाईंपाशी गेलो, तर त्या हळूच म्हणाल्या, "अजून आहे का हो त्यातलं?"

तेवढ्यात कुंपणावरून गुणाकाका. "रे वसंता, सुनंदाकडे सरस थिजूक ठेवलेलंय फ्रीजात. झालो काय घट?" काय झालं ते सांगितल्यावर त्यांनी पायरीवरच्या प्राध्यापकांचे पाय नीट न्याहाळले आणि म्हणाले, "काय भिया नाय. स्वच्छ आसा. पोटात काय मोडलाला आसला तर जुळतला."

मी भडकलो. चूक माझी होती, डबा मी उघडला होता, नाव न विचारता वाढलं मी होतं. म्हणूनच राग त्यांच्यावर दुप्पट आला. प्राध्यापक गेल्यावर मी कागद घेतला आणि ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. एकोणचाळीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाने लिहावा तसा लिहिला: 'सदर इसम आपल्या मांगरात जनावरांचे खूर उकळतो. त्यापासून उत्पन्न होणाऱ्या दुर्गंधीने पर्यटकांस उपद्रव होतो. तरी सदर इसमास योग्य ती समज देऊन सदर प्रकार बंद करण्यात यावा.' सुनंदाने तो वाचला आणि त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाही. ताट स्वतः घेऊन जेवलो.

ग्रामसभेत अर्ज मीच वाचून दाखवला. सरपंचबाई तरुण, समजूतदार. त्यांनी काकांना विचारलं, "काका, तुमचा म्हणणा काय?" मी भांडणाच्या तयारीने बसलो होतो, चार मुद्दे काढून नेले होते. काका उठले. जमिनीकडे बघत म्हणाले, "वास येता. लिवलेला सगळा खरा. माझी बायल मरासर ह्याच सांगी होती. तिना फक्त अर्ज नाय केल्यान." सभा हसली. मग काका म्हणाले, "बंद करतंय," आणि खाली बसले. झालं! माझे चारही मुद्दे खिशातच राहिले.

बाहेर पडताना त्यांनी मला गाठलं. "रे वसंता, सदर इसम म्हणजे मीच मां?" म्हटलं, "होय काका." ते थोडं चालले, मग म्हणाले, "मगे काका लिवूक काय झाला होता?"

मांगराला कुलूप लागलं. वास गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका आमच्या पडवीत येऊन बसले. "आता काम नाय. बसतंय हंय." रोज सात ते बारा, पुन्हा चार ते सहा. पाहुणे चहाला बाहेर आले की हे त्यांच्या पायांचं वाचन करत. नागपूरच्या एका बाईंना सांगितलं, "बाय, ह्या चपलेन तुझी कंबर जातली." एका बँक मॅनेजरला समोर बसवून त्याच्या पायाची सगळी नखं पटाशीने इतकी सुबक तासून दिली की त्याने फोटो काढून बायकोला पाठवला. लोक खूश! 'नखवाले आजोबा' म्हणून तारे यायला लागले. मला वाटलं, बघा, सगळं किती छान जुळून आलं.

एक दिवस प्लास्टिकच्या खुर्चीत पाहुणा बसला आणि खुर्चीचा हात मोडून खाली आला. बघतो तर तो हात कागदासारखा पातळ झालेला. काका रोज त्याच खुर्चीत बसत. खिशातला काचेचा तुकडा काढून बसल्या बसल्या ते खुर्चीचा हात तासत असत, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. मी विचारलं तर स्वतःच्या हातांकडे बघून म्हणाले, "हेंका सांगाक इसारलंय, काम बंद झाला म्हणान." त्याच आठवड्यात एक मच्छीमार सुई मागायला आला आणि हात हलवत परत गेला. सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "तुमी त्या माणसाक जिवंतपणी मारून ठेवलास," ती म्हणाली, "तारे मोजा आता."

मला फार लागलं ते. खरं होतं म्हणून लागलं. काका वाळत चालले होते. शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. मी पुन्हा कागद घेतला आणि दुसरा अर्ज लिहिला. ग्रामसेवक चष्मा पुसून पुसून वाचत होते. "साहेब, तक्रार तुमचीच, आणि तक्रारीविरुद्ध तक्रारही तुमचीच?" म्हटलं, होय. "असा नमुना आमच्याकडे नाही." म्हटलं, नमुना मी तयार करून देतो, त्यात माझा हात बसलेला आहे. शेवटी सरपंचबाईंनी मार्ग काढला. 'शेजारी राहणाऱ्याची वासाबद्दल हरकत नाही' असं माझ्या सहीनिशी लिहून घेतलं. या वेळी अर्जात मी 'श्री. गुणाजी मेस्त्री, म्हणजेच आमचे गुणाकाका' असं लिहिलं. ग्रामसेवकांनी 'आमचे' खाली लाल रेघ मारली, पण खोडलं नाही.

काका तरी ऐकतायत! "नको रे. तुझ्या पावण्यांचा काय?" मी सांगितलं, तुम्ही उकळाल त्या दिवशी मी खोल्या बंद ठेवीन. त्यांनी माझ्या पायांकडे बराच वेळ बघितलं, खरं बोलतोय की नाही ते तपासलं असावं, आणि कुलपाची किल्ली शोधायला गेले.

त्या दिवसापासून माझा धंदा तीन गावांतल्या म्हशींच्या तब्येतीवर चालायला लागला. फोन आला की मी आधी कुंपणावरून ओरडायचो, "काका, पंधरा तारखेक मोकळा आसा काय?" ते म्हणत, "खालच्या वाडीतली एक जरा नरम आसा. वायच थांब." मुंबईच्या एका बाईंना मी चुकून सांगून बसलो की त्या तारखेला म्हैस आहे, जमणार नाही. त्या म्हणाल्या, "अय्या, मुलांना दाखवाल का?" पण म्हशीच कमी झाल्या होत्या. घरोघरी पिशवीचं दूध येत होतं. कधी कधी दोन-दोन महिने चूल पेटत नसे आणि काका पुन्हा पडवीत येऊन बसत. मी त्यांना बसायला लाकडी बाक दिला. तासायचंय तेवढं तासा म्हटलं.

असाच एकदा त्यांनी माझ्या हातात काच दिली. "बस. शिक." मी म्हटलं, ह्या वयात? "तुझा वय कोण इचारता? हात दाखय." मी हात पुढे केले. ते तळव्यांकडे बघून म्हणाले, "मुंबयत काय करी होतस?" म्हटलं, फायली. "दिसता," म्हणाले. महिनाभरात मी एक बटण केलं. त्यांनी ते उजेडात धरलं, फिरवलं, आणि माझ्या पायापाशी ठेवून दिलं. "ह्या बटण शर्टाक लाव नको. शर्ट लाजतलो." मग पोट धरून हसले. मीही हसलो, पण आतून चिडलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा बसलो. मुलाला हे काम नको होतं, तो डोंबिवलीत बरा होता. काकांनी त्याचा कधी बाऊ केला नाही. फक्त एकदा म्हणाले, "माझ्या मागे ह्या पिंपात पावसाचा पाणी साठात. बरा, झाडांक तरी होयत."

गेल्या हिवाळ्यात पारूमावशीची म्हैस गेली. आमच्या वाडीतली ती शेवटची. मावशी म्हातारी, एकटी. म्हशीशी दिवसभर बोलायची. काका गेले, म्हशीच्या कपाळाला हात लावला, मावशीला म्हणाले, "तुका करंडी देतंय हां गो," आणि पोत्यात पाय घेऊन आले. आठ नखं पिंपात पडली. थंडीत नऊ दिवस भिजू द्यावी लागतात. नवव्या दिवशी काढून उकळली नाहीत तर कवच आतून सडतं आणि सगळं फुकट जातं. मी दिवस मोजून नवव्या दिवसाचं बुकिंग नाकारलं.

सहाव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर काका मांगराच्या खांबाला टेकून बसले होते. सुनंदा त्यांना सोलकढी द्यायला गेली आणि वाटी हातात तशीच घेऊन परत आली. मी धावत गेलो. पाय पसरून, डोळे मिटून, अगदी निवांत. मी त्यांच्या पायांशी बसलो आणि रडलो. कोणी बघतंय याची लाज वाटली नाही.

मुलगा आला, सगळं रीतसर झालं. तोही पार खचला होता. मांगरातल्या पिंपाकडे बघून म्हणाला, "वसंतकाका, ह्या पुरून टाका. आता कोण करतला?" बरोबरच होतं त्याचं. मी हो म्हटलं. फावडं घेऊन नारळाखाली खड्डा खणायला सुरुवातसुद्धा केली. तेवढ्यात पारूमावशी काठी टेकत आली. खड्ड्याकडे तिचं लक्ष नव्हतं. "वसंता, गुणो गेलो रे," म्हणाली. डोळे पुसले. मग जरा थांबून, संकोचून म्हणाली, "माझी करंडी ऱ्हवली मां?"

मी खड्डा बुजवला.

काकांच्या घरी सुतक, त्या मांगरातली चूल पेटवता येत नव्हती. म्हणून नवव्या दिवशी सकाळी मी माझ्या परसात तीन दगड मांडले. त्यात आणखी एक घोळ झाला होता. काकांच्या गडबडीत सुनंदाच्या भावाने फोन घेऊन त्याच दिवसासाठी दोन्ही खोल्या देऊन टाकल्या होत्या. नाशिकची मंडळी आदल्या संध्याकाळी येऊन पोचली होती. सुनंदा म्हणाली, "फाल्या करूया?" म्हटलं, फाल्या चालत नाय, नववो दिस आजच. तिने वाद घातला नाही, जाळ घालायला बसली.

दहा वाजेपर्यंत त्या वासाने सगळं घर भरलं. नाशिककर नाकाला रुमाल लावून बाहेर आले. मी धोतराचं फडकं हाताला गुंडाळून पातेल्याशी बसलो होतो. पहिलं कवच पिळलं, फाटलं. दुसरं फाटलं. हात भाजले. तिसरं-चौथं आतच चिकटून राहिलं. काकांचं मनगट आठवून आठवून पिळा देत होतो, आणि आठातली तीन अख्खी निघाली. पाहुण्यांतला एकजण विचारत होता, "अहो, पण तुम्ही नक्की करताय काय?" म्हटलं, "सांगतो, पण आत्ता गार होईल." ते लोक जेवून दुपारीच निघून गेले.

करंडी मला जमली नाही. जमणारच नव्हती. दीड महिना घासून एक चपटी डबी झाली, झाकण एका बाजूने वर राहतं. पारूमावशीने ती उलटसुलट करून पाहिली, "वाकडी आसा," म्हणाली, आणि देवापुढे ठेवली.

नाशिकच्या मंडळींनी एकच तारा दिला होता. खाली लिहिलं होतं: 'जागा सुंदर, जेवण उत्तम. पण मालक स्वतः परसात बसून जनावरांचे पाय उकळतात.' सुनंदा म्हणाली, "काय तरी उत्तर लिवा तेंका. सगळे वाचतत." मी चष्मा लावला, आणि बऱ्याच विचाराने लिहिलं: 'हो, उकळतो. अजून नीट जमत नाही. शिकतोय.'